मागे पडलेल्या मुलांना तीन पायऱ्यांची मदत: शाळेत कामाचा क्रम कसा लावायचा

जून संपता संपता बहुतेक शाळांत एक यादी तयार होते. वर्गशिक्षक आठवतील तशी नावं लिहितात, ती मुलं ‘अप्रगत’ ठरतात, शाळा सुटल्यावर त्यांचा जादा तास सुरू होतो आणि दिवाळीच्या आत तो बंदही पडतो. मार्चमध्ये पुन्हा यादी काढली तर नावं जवळजवळ तीच असतात. शिक्षक राबलेले असतात, पण कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. मोजण्याआधी नावं ठरतात, कारण शोधण्याआधी उपाय सुरू होतो आणि उपाय लागू पडला का, हे कुणी तपासत नाही.

पहिली पायरी म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलांना मिळणारं रोजचं नीट शिकवणं. दुसरी पायरी म्हणजे चार-पाच मुलांच्या गटाला ठरावीक आठवडे मिळणारी जादा मदत. तिसरी पायरी एक-दोन मुलांसाठी रोजच्या रोज. अभ्यास आणि वर्तन, दोन्हींना हाच क्रम लागतो. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: पायरी मदतीची असते, मुलाची नसते. एखादी मुलगी वाचनासाठी दुसऱ्या पायरीवर आणि गणितासाठी पहिल्याच पायरीवर असू शकते. ‘तो तिसऱ्या पायरीचा मुलगा’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतही बोलू नका. तिथे रुळलं की ते वर्गात पोचतं.

कामाआधीची तयारी

ही तयारी नसेल तर चाचणी घेऊ नका. आकडे जमतील आणि कपाटात पडून राहतील.

माणसं: मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि आणखी एक शिक्षक. पंधरवड्यातून एक दिवस ठरवून चाळीस मिनिटं बसायचं. द्विशिक्षकी शाळेत दोघंच बसा आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातल्या) विशेष शिक्षकांचा शाळाभेटीचा दिवस विचारून महिन्यातली एक बैठक त्या दिवशी ठेवा.

वेळ: वेळापत्रकात तीस मिनिटांची एक जागा अशी हवी की तेव्हा वर्गात नवीन काहीच शिकवलं जात नाही. बाकीची मुलं त्या वेळात सराव किंवा अवांतर वाचन करतात. खेळाचा, चित्रकलेचा तास किंवा मधली सुट्टी कापू नका. कबड्डी सोडून बाराखडीला बसलेल्या मुलाला ती शिक्षाच वाटते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात शिष्यवृत्तीच्या जादा तासांना शाळेतली सर्वांत चांगली वेळ आणि सर्वांत अनुभवी शिक्षक मिळतात, उरलेली वेळ मागे पडलेल्यांना. या वाटणीवर मुख्याध्यापकांनी जूनमध्येच स्पष्ट बोलायला हवं. ज्याला शिकायला जास्त जड जातं, त्याच्या वाट्याला दमलेला शिक्षक आणि दिवसाचा शेवटचा अर्धा तास येणं हा अन्याय आहे.

साहित्य: प्रत्येक इयत्तेसाठी एकाच काठिण्याचे तीन न वाचलेले उतारे, दुसरीसाठी साधारण ८० शब्दांचे, तिसरीपासून पुढे १२० ते १५० शब्दांचे. पाठ्यपुस्तकातला उतारा चालत नाही, कारण पुष्कळ मुलांना तो ऐकून पाठ झालेला असतो. शिक्षकाच्या प्रतीत प्रत्येक ओळीच्या शेवटी तिथवरच्या शब्दांचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या दर आठवड्याच्या मोजणीसाठी याच काठिण्याचे आणखी आठ-दहा उतारे बाजूला हवेत. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. एका मुलासाठी नोंदवहीचं एकच पान, दोन नकोत.

कॅलेंडर: शाळा सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे मोजू नका, मे महिन्यात बरंच विसरलेलं असतं. जुलैचा पहिला आठवडा बरा. त्यापुढचं तालुक्यावर ठरतं. शिरोळ, करवीर, हातकणंगल्यातल्या नदीकाठच्या गावांत जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत गटाची फेरी लावू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे चढू लागलं की शाळेचं वेळापत्रक मोडतं आणि पुढे शाळेतच पूरग्रस्तांची सोय होते. गगनबावडा, आजरा, चंदगडात रोपलावणीच्या दिवसांत मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. गावची म्हाई, म्हणजे गावजत्रा, कधी आहे, तेही आधीच लिहून ठेवा. आठ आठवड्यांची फेरी अशा दिवसांत अडकली की निम्मे तास होतच नाहीत.

> तपासा: बैठकीचा वार, तीस मिनिटांची जागा आणि उताऱ्यांचे संच, तिन्ही कागदावर आहेत का? एकही राहिलं असेल तर पुढे जाऊ नका.

१. पहिली पायरी भक्कम करा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. ढोबळ हिशेब असा की वर्गातल्या शंभरातल्या ऐंशी मुलांचं रोजच्या शिकवण्यात भागावं, पंधरा जणांना गटाची आणि पाच जणांना एकट्याची मदत लागावी. आपल्या अनेक वर्गांत चाचपणीनंतर निम्मी मुलं रेषेखाली, म्हणजे इयत्तेच्या अपेक्षेखाली, दिसतात. तीस मुलांच्या वर्गात पंधरा मुलं खाली असतील तर तीन-चार गट पाडून उपयोग नाही, कारण अडचण मुलांपेक्षा वर्गाच्या शिकवण्यात आहे. एक तृतीयांशाहून जास्त मुलं एकाच गोष्टीत अडली असतील, तर ती गोष्ट सहा आठवडे पूर्ण वर्गाला रोज वीस मिनिटं शिकवा आणि मग पुन्हा मोजा. गट त्यानंतर.

वर्गात काय नीट हवं? नवीन गोष्ट आधी शिक्षकाने करून दाखवायची, मग सगळ्यांनी मिळून, मग एकेकट्याने. दर सात-आठ मिनिटांनी प्रत्येक मुलाकडून उत्तर घ्यायचं, पाटीवर लिहून वर धरायला लावायचं. हात वर करणाऱ्या त्याच चार मुलांच्या उत्तरांवर धडा पुढे सरकतो आणि मागच्या बाकावर काय चाललंय, ते चाचणीच्या दिवशी कळतं.

वर्तनासाठी शाळेचे तीन किंवा चार नियम पुरेत, आणि ते ‘हे करू नका’ असे नकोत, ‘हे करा’ असे हवेत. ‘दंगा करू नका’ यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही. ‘घंटा झाली की वही-पेन बाकावर’, ‘जेवणाच्या रांगेत एका हाताचं अंतर’ हे दिसतं आणि मोजता येतं. नियम फळ्यावर लिहून भागत नाही, धड्यासारखे शिकवावे लागतात. रांगेचा नियम रांगेतच, हात धुवायचा नळापाशीच. जूनमध्ये आठवडाभर, दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दोन दिवस. एका टोकण्यामागे निदान चार वेळा नेमकं कौतुक जायला हवं. नुसतं ‘शाब्बास’ पुरत नाही. ‘तू स्वतःहून पाटी पुसून बसलास’ असं सांगा.

> सावधान: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. छडी बंद झाली, पण पूर्ण वर्गासमोर ‘ढ’ म्हणणं अजून चालू आहे. त्याने मूल वाचायला लागत नाही, तोंड उघडायचं तेवढं बंद करतं.

२. चाचपणी: मत बाजूला ठेवून मोजा

वर्गातलं प्रत्येक मूल मोजायचं. ‘याला येतंय, याला राहू दे’ असं म्हणून सोडलेल्या मुलांतच गप्प, नीटनेटकी आणि न वाचणारी मुलं निघतात.

वाचन. व्हरांड्यात शांत कोपऱ्यात मुलाला शेजारी बसवा. सांगा: ‘हे मोठ्यानं वाच. अडलास तर मी सांगीन.’ एक मिनिट वाचू द्या. तीन सेकंद अडल्यावर शब्द सांगा आणि ती चूक धरा. गाळलेला किंवा बदललेला शब्द चूक. पुन्हा वाचलेला शब्द चूक नाही. तीन सेकंदांत स्वतः सुधारला तर बरोबर. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर ती घरची बोली आहे, चूक धरू नका. एका मिनिटातले बरोबर शब्द लिहा. असे तीन उतारे, आणि तीन आकड्यांतला मधला घ्या. ३१, ३८, २७ आले तर नोंद ३१. सरासरी काढू नका, एखादा उतारा मुलाच्या ओळखीच्या विषयाचा निघाला की ती फसवते. मग पुस्तक मिटून ‘काय वाचलंस ते सांग’ म्हणा आणि चार प्रश्न विचारा. फडफडा वाचून एकही उत्तर न देणारी मुलं असतात, त्यांची मदत वेगळी.

कुठली रेषा धरायची? ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस निदान ६० शब्द, समजून वाचणं अपेक्षित आहे. म्हणजे चौथीतलं मूल जुलैमध्ये ६० च्या पुष्कळ खाली असेल तर तो इशारा आहे. दुसरीच्या मुलाला मात्र जुलैतच ४५ ची रेषा लावू नका, ती वर्षाअखेरची आहे.

एका मुलाला पाच मिनिटं धरली तर तीस मुलांना अडीच तास लागतात. चार दिवसांत वाटून घ्या. एका दिवसात उरकायला गेलात की शेवटच्या दहा मुलांचं निम्मंच ऐकलं जातं.

गणित. संख्यांची श्रुतलेखनं आणि त्या इयत्तेच्या क्रियांची दहा उदाहरणं. इथे गुणांपेक्षा चुकीचा प्रकार महत्त्वाचा. ‘बासष्ट’ सांगितल्यावर २६ लिहिणाऱ्या मुलाचं डोकं ठिकाणावर असतं. मराठीत आपण एकक आधी म्हणतो, ‘बा’ आणि मग ‘सष्ट’, आणि मूल ऐकलं त्या क्रमाने लिहितं. २०१९ च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ दोन’ अशी जोड दिली होती, ती याच अडचणीवर. त्या वेळी त्यावर बरीच टीका झाली. मदतीच्या गटात मात्र ही जोड उपयोगी पडते: आधी ‘साठ दोन’, ते पक्कं झाल्यावर ‘बासष्ट’. दुसरी चूक ६२ − ३८ = ३६. मूल प्रत्येक स्थानात मोठ्यातून लहान वजा करतंय, आठातून दोन गेले सहा. त्याला वजाबाकी येते, हातचा येत नाही. या दोन मुलांना एकाच गटात बसवलं की दोघांचाही वेळ जातो.

हजेरी आणि वर्तन. दहा दिवसांमागे एकाहून जास्त दिवस गैरहजर असलेलं प्रत्येक नाव वेगळं काढा. वर्तनासाठी दोन याद्या करा: बाहेर दिसणारा त्रास, म्हणजे मारामारी, उठून जाणं, तास बिघडवणं, आणि आत राहणारा, म्हणजे दिवसभर न बोलणं, मधल्या सुट्टीत एकटं बसणं, पोटात दुखतं म्हणून वारंवार घरी जाणं. दुसरी यादी कोरी राहिली तर पुन्हा वर्गात जाऊन बघा. ती कोरी क्वचितच असते.

> तपासा: ऊसतोडीच्या हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, फडावरच्या कोप्यांतून, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांतून, नवी मुलं दाखल होतात. जुलैची चाचपणी त्यांना लागू नाही. दाखल झाल्यापासून आठवड्याच्या आत त्यांना मोजा. मार्चमध्ये ती गेलेली असतात, तेव्हा एक महिना वाया घालवणं परवडत नाही.

३. गट करण्याआधी कारण शोधा

प्रत्येक नावापुढे चार प्रश्न. दिसतं का, ऐकू येतं का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, पण तुमचं मूल त्या दिवशी हजर होतं का, हे आधी बघा. फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेणाऱ्या मुलाला पुढे बसवून एक परिच्छेद उतरवायला द्या. पुढे बसल्यावर चुका गेल्या तर आधी चष्मा, मग गट.

घरात कोणती भाषा बोलतात? गडहिंग्लज, चंदगडच्या काही गावांत घरी कानडी असते. इचलकरंजीच्या यंत्रमागावर दूरच्या राज्यांतून आलेल्या कुटुंबांत हिंदी किंवा आणखी वेगळी भाषा. धनगरवाड्यावरच्या मुलाचे शब्दच निराळे. ज्या मुलाला शब्दाचा अर्थच माहीत नाही, त्याचं वाचन संथ असणारच. त्याला आधी मराठी ऐकायला-बोलायला हवं. त्याच्या पानावर ‘अध्ययन अक्षम’ असला शेरा मारणं चूक आहे.

येत नाही की करत नाही? त्याच काठिण्याची पाच उदाहरणं द्या आणि म्हणा, ‘कालच्यापेक्षा एक जास्त बरोबर आलं की घंटा तू वाजवायचीस.’ गुण एकदम वाढले तर कौशल्य आहे, मन लागत नाही. तसेच राहिले तर शिकवायला हवं. आणि चौथा प्रश्न, नेमका कुठे अडतो? अक्षर, काना-मात्रा-वेलांटी, जोडाक्षर, वाक्य, अर्थ अशा क्रमाने खाली उतरत जा आणि जिथे दहातले आठ बरोबर येतात तिथे थांबा. त्याच्या वरची पायरी म्हणजे शिकवायची जागा.

४. दुसरी पायरी: गटाचा तास

गटात चार किंवा पाच मुलं, एकाच ठिकाणी अडलेली. इयत्ता वेगळी असली तरी चालते. आठवड्यात चार दिवस, तीस मिनिटं, आठ आठवडे, म्हणजे अर्ध्या तासाचे एक असे वेळापत्रकातले ३२ तास. शिकवणारा एकच ठेवा. रोज जो मोकळा असेल तो, अशी पद्धत ठेवली की कालचं कुणालाच माहीत नसतं.

जोडाक्षरातल्या ‘र’पाशी अडलेल्या गटाचा एक तास असा. ही मुलं ‘पर्वत’ला ‘प्रवत’ वाचतात.

पहिली पाच मिनिटं काल पक्के झालेले दहा शब्द पत्त्यांवर, भरभर. पुढची दहा मिनिटं नवीन. फळ्यावर मोठ्या अक्षरात कर्म लिहा. बोट रफारावर ठेवून सांगा: ‘हा र म च्या डोक्यावर बसलाय, पण म्हणायचा म च्या आधी. कर्-म.’ खाली क्रम लिहा: ‘इथे र क च्या पायाशी. क म्हणता म्हणताच र येतो. क्र-म.’ दोन्ही शब्द आलटून पालटून आधी तुम्ही वाचा, मग सगळे, मग एकेक. त्यानंतर वर्ग, मार्ग, सूर्य, पर्वत एका रांगेत आणि चक्र, प्रवास, प्राणी, ग्रह दुसऱ्या. शेवटी रांगा मोडून मिसळलेले. ‘ट्र’ आणि ‘ऱ्या’ त्या दिवशी काढू नका. र ची चारही रूपं एका तासात शिकवली की चारही गोंधळतात. पुढची दहा मिनिटं हे शब्द असलेला सात-आठ ओळींचा परिच्छेद: एकदा तुम्ही वाचून दाखवा, एकदा जोडीने, एकदा प्रत्येकाने दोन ओळी. शेवटची पाच मिनिटं सहा शब्दांचं श्रुतलेखन. त्यातली चूक तिथेच सुधारून तो शब्द पुन्हा लिहून घ्यायचा. उद्याचे पत्ते या सहांवरून ठरतात.

चूक झाल्यावर ‘नीट बघ’ म्हणू नका. मूल बघतच असतं. बरोबर उच्चार सांगा, त्याच्याकडून म्हणून घ्या, दोन शब्द पुढे जाऊन पुन्हा त्यावर या.

> सावधान: मागच्या बाकावर बसवून स्वाध्यायपुस्तिका भरून घेणं ही दुसरी पायरी नाही. हुशार मुलाला ‘याला शिकव’ म्हणून बसवणंही नाही. सरावाला सोबती चालतो, नवीन शिकवायला शिक्षकच लागतो.

५. वर्तनाची दुसरी पायरी: आधी नोंद, मग कार्ड

पाच दिवस तीन रकाने भरा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. मत लिहू नका. ‘उद्धटपणा केला’ ही नोंद होत नाही. ‘गणिताची वही काढा म्हटल्यावर शेजाऱ्याला पेन टोचलं’ ही होते. पाच दिवसांत चार वेळा नोंद अशी निघाली समजा: जेवणानंतर गणित, पेन टोचणं, वर्गाबाहेर उभं केलं. म्हणजे मुलाला गणितापासून सुटका हवी आहे आणि आपण रोज त्याला ती देतोय. बाहेर उभं करणं हेच त्याचं बक्षीस झालंय. इथे उपाय गणितात आहे: त्याच्या पातळीची पाच उदाहरणं, आणि ‘मला दोन मिनिटं थांबायचंय’ हे हात वर करून सांगण्याची मुभा. उदाहरणं सोडवूनच बाहेर जाता येतं, टोचून नाही.

नोंदीत लक्ष वेधण्याची गरज दिसली तर रोजचं कार्ड कामाला येतं. सकाळी दोन मिनिटं एका ठरलेल्या शिक्षकाकडे: वही आहे का, आज काय जमवायचंय. दिवसाचे पाच भाग, प्रत्येक भागात तीन अपेक्षा, प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण. एकूण ३०. संध्याकाळी पुन्हा दोन मिनिटं, बेरीज, घरी सही. अंतिम लक्ष्य ८० टक्के, म्हणजे २४. पण आठवडाभर लक्ष्य न ठेवता नुसते गुण मांडून बघा. मूल १४ वर असेल तर पहिलं लक्ष्य १८ ठेवा. पहिल्याच दिवशी २४ मागितले की चौथ्या दिवशी कार्ड शाळेच्या मागच्या गटारात सापडतं.

मिळालेला गुण काढून घ्यायचा नाही, कितीही राग आला तरी. कार्डावर तक्रार लिहायची नाही. आणि सुरू करण्याआधी पालकांना समोर बसवून सांगायचं: गुण कमी आले तर रागवायचं नाही, मारायचं तर नाहीच, फक्त ‘उद्या बघू’ म्हणून सही करायची. ही बोलणी होत नसतील तर कार्ड घरी पाठवू नका, शाळेतच ठेवा. ज्याला मोठ्यांच्या नजरेचीच भीती वाटते, त्या गप्प मुलाला कार्ड देऊ नका. त्याला सुट्टीत एक ठरलेला सवंगडी आणि वर्गात एक छोटं काम द्या.

६. दर आठवड्याला मोजा आणि नियमाने ठरवा

समजा जुलैत ३१ शब्दांवर असलेल्या मुलीसाठी आठ आठवड्यांचं लक्ष्य ४७ ठेवलं, म्हणजे आठवड्याला दोन शब्द. चौकटीच्या कागदावर ३१ पासून ४७ पर्यंत सरळ रेषा ओढा. दर शुक्रवारी एक नवा उतारा, एक मिनिट, एक ठिपका. रेषा सांगते ३३, ३५, ३७, ३९, ४१, ४३. मुलीचे आकडे आले ३३, ३६, ३५, ३७, ३८, ४०.

सहा ठिपके पडेपर्यंत काही ठरवू नका. मग शेवटचे चार बघा. चारही रेषेखाली असतील तर मदत बदला, चारही वर असतील तर लक्ष्य वाढवा, वर-खाली असतील तर तसंच चालू द्या. या मुलीचे शेवटचे चार खाली आहेत. पण ती थांबलेली नाही, नऊ शब्दांनी पुढे गेली आहे. तिला उचलून तिसऱ्या पायरीवर टाकायची घाई करू नका. एकच गोष्ट बदला: गट पाचाचा तीनचा करा, किंवा चाराऐवजी पाच दिवस घ्या, किंवा एक पातळी खाली उतरा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

> तपासा: ‘मदत लागू पडली नाही’ असं लिहिण्याआधी झालेले तास मोजा. ३२ पैकी निदान २६ व्हायला हवेत. पूर, प्रशिक्षण, म्हाई, कुणाची तरी रजा असं करत १९ च झाले असतील तर मुलाला मदत मिळालेलीच नाही. फेरी पुन्हा लावा. इथे प्रामाणिक राहणं जड जातं, पण हाच आकडा लपवला की पुढचे सगळे निर्णय मुलाच्या डोक्यावर बसतात.

७. तिसरी पायरी

दुसऱ्या पायरीच्या दोन फेऱ्या, त्यात एक बदल करूनही रेषा लांबच राहिली तर. एक किंवा दोन मुलं, रोज तीस ते चाळीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा मोजणी. एका पानाचा आराखडा: आज कुठे आहे, बारा आठवड्यांत कुठे हवं, कोण शिकवणार, कधी, काय वापरणार. वर्गातलं त्याचं शिकणं चालूच राहतं. त्याला दिवसभर वेगळ्या खोलीत बसवलं तर पहिली पायरीच काढून घेतल्यासारखं होतं.

याच वेळी विशेष शिक्षकांना बोलवा आणि तपासणीची वाट धरा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. निदान मात्र डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांचं काम. ‘तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे’ हे शिक्षकाने म्हणायचं नाही. ‘सोळा आठवडे हे हे केलं, हे आकडे आहेत, पुढे तपासायला हवं’ एवढंच म्हणायचं आणि ते आकडे पालकांच्या हातात द्यायचे. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, जाताना ते पान बरोबर असेल तर तपासणाऱ्याला मुलाचं वर्षभराचं चित्र मिळतं. माध्यमिक शाळांनी लक्षात ठेवायचं की दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी प्रमाणपत्र आणि प्रस्ताव वेळेत लागतात. आठवी-नववीत सुरुवात करा. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून मुलाचं नुकसान होतं.

> सावधान: काही वेळी पायऱ्यांची वाट बघायची नसते. ऐकू येत नसल्याची शंका, वर्गात फिट येणं, स्वतःला इजा करण्याची भाषा, घरी मारहाण होत असल्याच्या खुणा: त्याच दिवशी पुढे कळवा. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा क्रमांक १४४१६, मुलांच्या संरक्षणासाठी १०९८. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘गावात चर्चा नको’ म्हणून शाळेत मिटवणं हा गुन्हा ठरतो.

८. पालकांशी बोलणं

दुसरी पायरी सुरू होण्याआधी बोला, संपल्यावर नको. पालकसभेत सगळ्यांसमोर नाही आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नावही नाही. क्रम असा: मुलाला काय येतं, कुठे अडतं, शाळा काय करणार, घरी काय करायचं. घरचं काम दहा मिनिटांचंच सांगा. आई-वडील रात्रपाळीला असतील किंवा स्वतः वाचत नसतील तर ‘रोज त्याच्याकडून एक पान ऐका’ एवढं पुरे. ऐकायला अक्षरओळख लागत नाही.

ऊसतोड कुटुंबाला गावी परतताना मुलाचं पान किंवा त्याची प्रत हातात द्या आणि तिकडच्या शाळेत दाखवायला सांगा. नाहीतर पुढच्या शाळेत ते मूल पुन्हा ‘नवीन’ ठरतं आणि सगळं पहिल्यापासून.

९. मदत काढून घेणं

लक्ष्य गाठल्यावर लगेच थांबवलं तर महिन्याभरात आकडा पुष्कळदा घसरतो. चार दिवसांचे दोन करा, दोन आठवडे बघा, मग बंद करा. बंद केल्यावर चार आठवड्यांनी एकदा आणि पुढे एप्रिलपर्यंत महिन्यातून एकदा तीच एका मिनिटाची मोजणी. घसरला तर परत गटात घ्या, त्यात कमीपणा नाही आणि मुलालाही तसंच सांगा.

एप्रिलअखेर सगळी पानं मुख्याध्यापकांच्या कपाटात जातात. जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी, मुलं यायच्या आधी, ती नव्या वर्गशिक्षकाला द्या आणि प्रत्येक पानावर पाच मिनिटं बोला: हा कुठे अडायचा, कशाने सुटला, काय केल्यावर गप्प व्हायचा.